आज राहू दे

मापबाईंना अर्धं गाव ओळखत होतं, आणि त्यातल्या बहुतेक बायका रस्त्यात समोर आल्या की ओळख दाखवत नसत. मापबाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एकतीस वर्षं त्यांनी बाजारातल्या एका दुकानात, मागच्या पडद्याआड उभं राहून बायकांची मापं घेतली होती. पाटीवर नुसतं ‘होजिअरी’ लिहिलेलं होतं. पुढच्या काउंटरवर मोजे, रुमाल, बनियन असला माल मांडलेला असायचा आणि तिथं मालक बसायचे. बायका आत शिरायच्या, मालकांकडे न बघता थेट पडद्याकडे वळायच्या आणि आवाज पाडून म्हणायच्या, "जरा आतलं दाखवा." नेमका शब्द कोणी तोंडातून काढायचं नाही. मापबाई मात्र जुन्या वळणानं खणखणीत "बॉडी" म्हणायच्या. थंडीच्या दिवसांत टेप लावण्याआधी तळहात एकमेकांवर चोळून ऊन करून घ्यायच्या. पहिल्यांदा आलेली एखादी मुलगी लाजून आक्रसली तर तिला पाठ फिरवायला सांगून मागूनच माप घ्यायच्या. छातीच्या ऑपरेशनमध्ये एक बाजू गेलेल्या बायका त्यांच्याकडे मुद्दाम लांबून यायच्या. त्यांच्यासाठी त्या घरी बसून धान्य भरलेली छोटी पिशवी शिवायच्या, बरोबर दुसऱ्या बाजूच्या वजनाची, म्हणजे खांदा एकीकडे झुकू नये.

कधी काढली तर चालते, हा प्रश्न त्यांना रोज कोणी ना कोणी विचारायचंच. उत्तर पाठ होतं. दाराला कडी लागली की चालतं, अंगात ताप असला की चालतं, लेकरू अंगावर पीत असलं की चालतं. एरवी नाही. कोणी विचारलं, "आणि झोपताना?" तर म्हणायच्या, "चोवीस तासांची नोकरी तुम्ही करता का? मग तिलाही सुट्टी द्या." पडद्याआडून हसण्याचा आवाज आला की मालक काउंटरवर उगाचच मोज्यांच्या जोड्या नीट लावत बसायचे.

बारकीसाठी मात्र त्या मापबाई नव्हत्या, आई होती. आईला दोन मुलं. थोरला दादा, आणि त्याच्यामागून सहा वर्षांनी झालेली ही. वडील दोघं लहान असतानाच गेले. बारकीचं पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि घरात ती बारकीच राहिली, एकोणपन्नास वर्षांची होऊन चष्म्याचा नंबर दोनदा वाढला तरीही. तिचं लग्न आधी जमलं नाही आणि मग जमवायचं राहून गेलं. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. ठिकठिकाणच्या नळांवरून भरून आणलेल्या बाटल्या, त्यातलं पाणी काचेच्या ताटल्यांत उबवायचं आणि दुसऱ्या दिवशी जंतूंचे ठिपके मोजायचे. घरी आई आणि ती, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दादा-वहिनी गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आईचे नियम बारकीला तेराव्या वर्षीच लागू झाले होते. एकदा ती वाळत घातलेले कपडे काढायला तशीच गॅलरीत गेली, तर आईनं कोपराला धरून आत ओढलं होतं. रागावली नव्हती. एवढंच म्हणाली होती की बाहेर जायचं तर तयार होऊन जायचं, मग बाहेर म्हणजे गॅलरी का असेना. बारकीच्या ते अंगवळणी पडलं. मोठेपणी कधी वाटायचं की हे फारच झालं, पण आईशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

आई शहात्तर वर्षांची असताना एका सकाळी न्हाणीघरात पडली. डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. इस्पितळात मागून उघडा असलेला तो सरकारी झगा घालून ती एकोणीस दिवस पडून होती. बोलता येत नव्हतं म्हणून म्हणा, किंवा शुद्धच अर्धी होती म्हणून म्हणा, तिनं काही मागितलं नाही. विसाव्या दिवशी दादा उशाशी बसला होता. आईनं डोळे उघडले, ओठांची बरीच ओढाताण केली आणि पहिला शब्द काढला, "बॉडी."

दादाला वाटलं, आई स्वतःच्या मरणाचं बोलते आहे. तो उठून तिचे पाय चेपायला लागला, असं काही बोलू नकोस म्हणाला. आईनं वैतागून डोळे मिटले. बारकी बाटलीत पाणी भरून परत आली तेव्हा त्यानं तिला बाहेर नेऊन हे कानात सांगितलं. बारकीला हसू आवरेना. पॅसेजमध्ये भिंतीला टेकून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. दादाला काय झालं ते कळलं नाही, आणि तिनंही फोड करून सांगितलं नाही. आईचा तो विषय दादासमोर कधी निघत नसे.

घरी आणल्यावर रोजचा क्रम बसला. दिवसभरासाठी एक मावशी ठेवल्या, नऊ ते पाच. मावशी चांगल्या होत्या. भरवायच्या, कूस बदलायच्या, पाय चोळून द्यायच्या. पण बॉडीला आईनं मावशींना हात लावू दिला नाही. ते काम बारकीचं. सकाळी आठला आईला पलंगाच्या कडेला बसवायचं, पाठीमागे गुडघा टेकवून तिचा तोल धरायचा, आणि लुळा हात आधी पट्ट्यात घालायचा. हेही आईनंच शिकवलं. जो हात ऐकत नाही तो आधी, ऐकतो तो नंतर, काढताना उलटं. मग पुढे सगळं सारखं करायचं, मागे तीन हूक. बारकीची तेवढ्यात दमछाक व्हायची. आईच्या कपाळावर घाम यायचा. पण हूक लागले की आई उजव्या हातानं गाऊनची बटणं स्वतः लावायची आणि खुर्चीत बसवा म्हणायची. त्या खुर्चीत बसलेली आई पलंगावरच्या आईपेक्षा वेगळी दिसायची, हे बारकीला मान्य करावंच लागे.

तरी तिला वाटायचंच की हे कशासाठी. कोण येतं, कोण बघतं? एकदोनदा तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "मी बघते ना."

मग एके दिवशी सकाळी सातलाच प्रयोगशाळेतून फोन आला. रात्रीतून कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली होती, दोन वस्त्यांत गढूळ पाणी आलं होतं, सगळ्यांनी लगेच या. बारकीनं घाईघाईनं आईचं तोंड धुतलं, गाऊन बदलला, चहा पाजला आणि मावशींना लवकर बोलावून घेतलं. आई म्हणाली, "बारके, बॉडी."

"आल्यावर घालते. आजचा एक दिवस. आज कोण येणार आहे?"

आई आणखी काही म्हणाली, पण शब्द जड होते आणि बारकी चपला घालत होती.

नेमके त्याच दिवशी अकरा वाजता मालक आले. ऐंशी वर्षांचे, हातात काठी, दुसऱ्या हातात फळांची पिशवी. तीन मजले धापा टाकत चढले होते. मावशींना बिचाऱ्यांना काय माहीत. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं होतं, अंगावर पातळ गाऊन, खांद्यावर शाल. मालक समोर बसले. शाल डाव्या बाजूनं सरकली, आणि तो हात ती सावरू शकत नव्हता. उजव्या हातानं ओढायला गेली तर दुसऱ्या बाजूनं निसटली. मावशी स्वयंपाकघरात चहाचं बघत होत्या. त्यांनी संध्याकाळी बारकीला सहज सांगितलं, "साहेब भले दिसले. वीसेक मिनिटं बसले, पण सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बोलत होते. आपल्या खिडकीतून काय दिसतं एवढं?"

बारकीनं आत जाऊन आधी आईच्या खांद्यावरची शाल सारखी केली.

आई तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. विचारलं तर मान हलवायची, घास घ्यायची, औषध गिळायची. तिसऱ्या दिवशी बारकी हूक लावत असताना, मान न वळवता आई सावकाश एकेक शब्द जुळवत म्हणाली, "दुसरा कोणीही चालला असता गं. ज्याच्या दुकानात मी एकतीस वर्षं ताठ उभी राहिले, त्याच्यापुढे तू मला अशी बसवलीस."

बारकीचे हात तिसऱ्या हुकाशी अडले होते. ती फक्त "चुकलं" म्हणाली, आणि आईनं मान हलवली, म्हणजे ऐकलं. माफ केलं की नाही ते कळलं नाही. मालक पुन्हा आले नाहीत. फोनवरून चौकशी करायचे.

त्यानंतरच्या रविवारी बारकीनं शिलाई मशीन ओढून मधल्या खोलीत आणलं. पुढून हूक असलेली बॉडी शिवायची, म्हणजे मावशींनाही घालता येईल आणि आईलाही त्रास नाही. बाजारात मिळत होत्या तशा, पण आईनं हातात घेऊन बघितल्या आणि बाजूला सारल्या. याचा पट्टा कातडीत रुतेल, याची शिवण काखेत येते. तेव्हा जुनीच उसवून नवी करायची ठरली. बारकीला शिवण येत नव्हतं. मापबाईंच्या मुलीला शिवण येत नाही, हा आईच्या दुकानातला नेहमीचा विनोद होता. आई खुर्चीत बसून सांगायची, बारकी करायची. पाठ बंद कर, पुढे मधोमध काप, पट्टी दुमडून घे, कच्चा दोरा घाल. कच्चा म्हटलं की कच्चा, तू तर पोतं शिवते आहेस. पहिल्या रविवारी सगळं उसवण्यात गेलं. दुसऱ्या रविवारी बारकीनं हूक शिवले ते उलट्या बाजूनं, तोंडं आत. आईनं ते बघितलं, बारकीकडे बघितलं, आणि तिचं वाकडं तोंड हसण्यानं आणखी वाकडं झालं. खांदे हलायला लागले. "हे घालून मी बसले," ती म्हणाली, "तर मलाच चावेल." दोघी इतक्या हसल्या की शेजारीण दार वाजवून सगळं ठीक आहे ना विचारून गेली.

तिसऱ्या रविवारी ती जमली. आईनं उजव्या हाताच्या बोटांनी सगळ्या शिवणींवरून हात फिरवला, एका जागी थांबली, पुढे गेली आणि म्हणाली, "चालेल." तिच्या तोंडून हा शब्द म्हणजे बक्षीसच. बारकीनं तशा आणखी दोन शिवल्या. चार महिने बरे गेले. आई काठीच्या आधारानं चार पावलं टाकायला लागली होती. बारकीला वाटायला लागलं होतं, असंच चालत राहील.

मग पाय सुजायला लागले. आधी घोटे, मग पोटऱ्या. डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, पाणी साठतंय. गोळ्या वाढल्या. आईला सपाट झोपलं की धाप लागायची, म्हणून तिला तीन उशांना टेकवून बसतं ठेवायचं. आठवड्यातून दोनदा घरी येऊन तपासणी करणाऱ्या सिस्टर ठेवल्या. थोड्या बोलणाऱ्या, कामाला पक्क्या. त्यांनी पहिल्याच खेपेला आईची छाती उचलून खाली बघितलं. घडीत घाम मुरून कातडी सोलली होती, लालभडक झाली होती. सिस्टरनी मलम लावलं आणि बारकीला बाहेर बोलावून सांगितलं की हे आजपासून बंद. जखम चिघळली तर या वयात भरायची नाही, आणि श्वासालाही अडथळा होतो. घरातच तर आहेत, कशाला हवं?

बारकीला खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता डॉक्टरी हुकूम होता. आपल्यावर खापर यायचं नाही. तिनं आत जाऊन आईला सांगितलं. आईनं मान हलवून नाही म्हटलं.

"अगं, तुझ्याच नियमात बसतंय. आजारपणात चालतं, तूच म्हणायचीस."

"ताप म्हणायचे. मला ताप नाही."

"दाराला कडी आहे."

"दिवसभर माणसं येतात. कडी कुठं असते?"

मग तडजोडी सुरू झाल्या. घडीत मऊ जुनं सुती कापड दुमडून घालायचं. दिवसभर नको, सकाळचे दोन तास फक्त. बारकीनं पुढच्या पट्टीला आणखी एक पट्टी जोडली, हूक दोन बोटं पुढे आणले. पंधरा दिवसांनी आणखी एक पट्टी. सिस्टर बघायच्या, ओठ दाबायच्या, एकदा म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे लाड करता." बारकीला राग आला. पण रोज सकाळी आठला ती लुळा हात उचलताना तिच्याही मनात तेच यायचं, की आई, सोड आता. एवढी एक गोष्ट सोड. तुलाही सुटेल आणि मलाही.

दोन तासांचा एक तास झाला. एक तास झाला तरी आठची वेळ चुकली नाही.

त्या दिवशी गुरुवार होता. आईला रात्री झोप बरी लागली होती, सकाळी दोन घोट चहाही घेतला. बारकीनं तिला पलंगाच्या कडेला बसवलं, पाठीमागे उशी लावली, कापडाची घडी केली, बॉडी उलगडली आणि डावा हात उचलला. सुजेनं तो हात पाण्यात भिजवलेल्या पोत्यासारखा जड झाला होता.

आई म्हणाली, "आज राहू दे."

बारकीला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काय?"

"राहू दे आज."

"सिस्टर येणार आहेत अकराला."

"येऊ दे."

"दादाही येईन म्हणाला होता. वहिनी येतील."

"येऊ दे गं."

कित्येक महिने बारकीनं ज्या शब्दांची वाट बघितली होती ते हे शब्द. आता ते आले तर तिनं उचललेला तो हात खाली ठेवलाच नाही. तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. दिवसाचं काम संपवून दुकानातून घरी आल्यावर पहिली पाच मिनिटं आई जशी खुर्चीत बसून राहायची, कोणाशी न बोलता, तसा तो चेहरा होता.

"एकच हूक लावते," बारकी म्हणाली. "सैल. तुला कळणारही नाही. आई, एकच."

आपण हे गयावया करून बोलतो आहोत, हे तिला बोलता बोलता कळलं. आईनं उजवा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"नको गं. जड होतं."

बारकीनं गाऊनची बटणं लावली. आईला उशांना टेकवलं, पांघरूण छातीपर्यंत ओढलं. मग बॉडीची घडी घालून ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावर हात टेकवून बराच वेळ उभी राहिली. सिस्टरनी सांगितलेलं, डॉक्टरनी सांगितलेलं, सुजलेले पाय, निळसर नखं, हे सगळं ती रोज बघत होती आणि तरीही तिला काही कळलेलं नव्हतं. ते आत्ता कळलं. तिनं प्रयोगशाळेत फोन करून रजा सांगितली. किती दिवसांची, असं पलीकडून विचारलं तेव्हा म्हणाली, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आठला ती पुन्हा आईजवळ गेली. विचारावं का? विचारलं आणि आई हो म्हणाली तर? नाही म्हणाली तर? तिनं विचारलं नाही. बॉडीची घडी तेवढी समोरच्या खुर्चीवर ठेवली, आईला दिसेल अशी. आईनं मागितली नाही. तिसऱ्या दिवशीही तसंच. घडीतली जखम वाळत आली. सिस्टर खूश झाल्या, म्हणाल्या, "बघा, ऐकलं असतं तर केव्हाच बरं झालं असतं." बारकी हो म्हणाली. दादा येऊन गेला, वहिनी येऊन बसल्या. आईनं सगळ्यांना तशीच भेट दिली, पांघरुणाकडे हात न नेता.

नवव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला मावशी आईच्या पायांना तेल लावत होत्या आणि बारकी उशाशी बसून वाटीतलं पाणी चमच्यानं पाजत होती. आईनं एक चमचा गिळला. दुसरा ओठांवरून ओघळला. एवढंच झालं.

अंघोळ घालायला एक बाई आल्या. हेच काम करणाऱ्या, सवयीच्या हातांच्या. त्यांनी दार लोटून घेतलं, बारकी आणि वहिनी आत थांबल्या. पुसून झालं तेव्हा बाईंनी विचारलं, कपडे कोणते? वहिनी कपाटाकडे गेल्या आणि खालच्या कप्प्यातून कागदात गुंडाळलेली एक कोरी बॉडी काढून घेऊन आल्या. पांढरी, काठाला बारीक लेस. नोकरी सुटली त्या वर्षी आईनं स्वतःसाठी शिवलेली आणि कधी न घातलेली. बारकी ती विसरूनच गेली होती.

"ही घालू या," वहिनी म्हणाल्या. "मागून उसवून घेऊ थोडी, म्हणजे बसेल."

बारकी म्हणाली, "नको."

"अहो ताई, बाहेर पन्नास माणसं जमलीत. आईंना चाललं असतं का?" वहिनींचा आवाज फुटला. "मला त्यांनी सून म्हणून निवडलं ते पडद्याआड, माहीत आहे ना तुम्हाला? मी गिऱ्हाईक म्हणून गेले होते. सरळ ‘ब्रा हवी’ म्हणाले, आवाज न पाडता. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी निरोप आला. त्यांना तसंच न्यायचं?"

बाई हातात टॉवेल घेऊन थांबल्या होत्या. कोणाची बाजू घेऊन बोलतील अशा त्या नव्हत्या.

बारकीनं आईकडे बघितलं. छाती दोन्ही बाजूंना सैल पसरली होती. घडीखालची जखम आता नुसती गुलाबी खूण होती. चार महिने त्या कातडीवर मलम लावून तिची बोटं सरावली होती.

"तिनं नको म्हटलंय, वहिनी," ती म्हणाली. "जड होतं म्हणाली."

वहिनींनी हातातल्या पांढऱ्या बॉडीची लेस अंगठ्यानं सारखी केली. मग त्यांनी ती पुन्हा कागदात गुंडाळली, आणि डोळे पुसत बाईंना म्हणाल्या, गाऊन नको, कपाटातला त्यांचा निळा झगा घ्या, अंगभर आहे. तिघींनी मिळून तो घातला. लुळा हात आधी घालायचा का, असं बाईंनी विचारलं नाही, आणि आता त्यानं काही फरकही पडणार नव्हता, तरी बारकीनं तो आधी उचलला.

सगळं उरकल्यावर दादानं तिला गाडीतून घरी सोडलं. वहिनी मागून पाहुण्यांबरोबर येणार होत्या. इमारतीखाली गाडी थांबली तरी बारकी उतरली नाही. दादानं विचारलं, आत कपड्यांवरून तुमचं काय चाललं होतं? तुझी वहिनी रडत बाहेर आली.

बारकीनं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दादाला हा सगळा प्रकार सांगितला. इस्पितळातला तो शब्दही सांगितला. मालक आले होते तो दिवस सांगितला, उलटे हूक सांगितले, गुरुवार सांगितला. आणि मग जे तिला तो झगा घातल्यापासून कुरतडत होतं ते सांगितलं.

"ती ‘आज’ म्हणाली होती, दादा. आज राहू दे. फक्त आज. दुसऱ्या दिवशी मी विचारायला हवं होतं. मी विचारलंच नाही, आणि आता कायमचंच ठरवून टाकलं."

दादा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पन्नाशी उलटून गेलेला माणूस, पण हे ऐकताना त्याला कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"मी शाळेत सांगायचो," तो म्हणाला, "की आई कापडाच्या दुकानात आहे."

"मी पण."

"तिला माहीत होतं?"

बारकीला शाळेचे ते पिवळे फॉर्म आठवले. दरवर्षी जूनमध्ये भरायचे. आईचा व्यवसाय, असा एक रकाना असायचा. तिच्या आधी दादानं लिहिलं होतं तेच बघून तीही लिहायची, कापड विक्री. मग संध्याकाळी आई दुकानातून आली की फॉर्म पुढे करायची. आई चष्मा लावून सगळा फॉर्म वाचायची, वरपासून खालपर्यंत.

"सही तर तीच करायची," बारकी म्हणाली.

दादानं तोंडावरून हात फिरवला. मागे कोणीतरी गाडी पुढे घ्या म्हणून हॉर्न वाजवत होतं. त्यानं गाडी पुढे घेतली, कोपऱ्यावर नेऊन पुन्हा उभी केली, आणि पाहुणे येईपर्यंत दोघं तशीच बसून राहिली.